न पाहिलेलं पान

मुलीने पुस्तक उघडलं, वीतभर लांब धरलं, बारीकशी खाकरली आणि वाचायला लागली. नदीपलीकडे एक म्हातारा नावाडी राहत असे. 'राहत'पाशी ती जराशी थांबली आणि 'असे' हलक्या हाताने खाली ठेवावं तसं म्हणाली.

तपासनीस बाईंचं पेन कागदावरच थांबलं.

पुढचा मुलगा उठला. तोही आधी खाकरला. त्याचंही वाक्य शेवटच्या शब्दाआधी अडलं आणि मग उतरलं. त्यानंतर सर्दी झालेली एक, मग एक तोतरा. आवाज निरनिराळे होते, पण वाचणारा माणूस एकच होता. तो माणूस, या शाळेचा गुरुजी, गेल्या हिवाळ्यात वारला होता, आणि तो तपासनीस बाईंचा बाप होता.

हे कार्यालयात कुणी विचारलं नव्हतं, तिनेही सांगितलं नव्हतं. आडनाव लग्नानंतरचं. दौरे वाटले जात असताना ही शाळा तिने मागून घेतली होती. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. निम्म्या मुलांना वाचता आलं नाही तर अनुदान बंद होणार होतं आणि शाळा डोंगरापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन होणार होती. एवढ्या लांब ही पोरं चालत जाणं शक्य नव्हतं.

पण पोरं तर घडाघडा वाचत होती. दारात उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकेचा चेहरा सैल झाला होता. बाजूच्या फळ्यावर गुरुजींचं अक्षर अजून तसंच होतं. मुलं पुसू देत नाहीत, असं मुख्याध्यापिकेने आल्या आल्याच सांगितलं होतं. ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या होत्या. म्हातारपणी हात कापत असेल, असं समजून तपासनीस बाईंनी नजर काढून घेतली होती.

आता तिने पिशवीतून वेगळा कागद काढला. पुस्तकाबाहेरचं, मुलांनी न पाहिलेलं पान प्रत्येक शाळेत वाचायला द्यावं लागे.

पहिल्या मुलीने ते घेतलं, खाकरली आणि गप्प झाली. दुसऱ्याने कागदाकडे पाहिलंच नाही. तो गुरुजींच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला, जणू पहिला शब्द तिकडून यायचा होता. एकेक करत सगळा वर्ग तिकडे बघायला लागला. तिनेही पाहिलं.

"गुरुजी पुस्तकात बोट ठेवून शिकवायचे ना?" तिने विचारलं.

"गुरुजींना दिसायचं नाही," पुढे बसलेली एक चिमुरडी म्हणाली. गुरुजी चहात साखर घेत नसत, असं सांगावं इतक्या सहज.

मुख्याध्यापिकेने मुलांना खेळायला सोडलं आणि दार लोटून घेतलं. मग तिने सगळं सांगितलं. आधी नुसतं धूसर दिसायचं, शेवटची दोन वर्षं तेही नाही. पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. कोण आलं नाही ते मुलंच सांगत. सही कुठे करायची ते ती त्यांचं बोट धरून दाखवी. ते नोकरी सोडून गेले असते तर त्या जागेवर कुणी येणार नव्हतं, आणि एका शिक्षकावर शाळा फार दिवस चालू ठेवत नाहीत. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गावाबाहेर कुणी बोललं नाही.

"घरच्यांना?"

"मुलगी आहे म्हणे, मोठ्या हुद्द्यावर. तिला कळलं तर ती उचलून घेऊन जाईल, म्हणायचे."

तिने ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. दोन वर्षांपूर्वी कार्यालयाच्या जिन्यात बाप भेटला होता. त्याआधी दोघांचं भांडण झालेलं. नोकरी सोड, माझ्याकडे राहा, या तिच्या हट्टावरून. तो भिंतीला हात लावत वर येत होता. ती वरच्या पायरीवर मुद्दाम थांबली, आधी त्याने बोलावं म्हणून. त्याची बाही तिच्या हाताला घासली.

"माफ करा," असं परक्याला म्हणावं तसं म्हणून तो वर निघून गेला होता. ते दोन शब्द तिने उरात धरून ठेवले. त्यानंतर ती त्याच्या दारात गेली ती तो गेल्यावरच, तेही सगळं उरकून गाव पांगल्यावर.

"मॅडम," मुख्याध्यापिका खाली बघत म्हणाली, "धड्यांवरच गुण द्या ना. तेही वाचनच."

बाहेर पोरांचा गलका चालला होता. तिने तो थोडा वेळ ऐकला.

"त्यांना वाचता येत नाही, बाई."

मुख्याध्यापिका मुलांच्या बाकावर बसली. तेव्हा तपासनीस बाईंनी दुसरी वाट सांगितली. जिथे शिकवणंच झालेलं नाही, तिथे मुलांना नापास धरत नाहीत. शाळेला वर्षभराची मुदत मिळते, आणि नवा शिक्षक द्यावाच लागतो. मात्र शिकवणं का झालं नाही, ते लेखी द्यावं लागतं.

"म्हणजे गुरुजींनी फसवलं म्हणून?"

"गुरुजींना दिसत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं म्हणून."

"जन्म घालवला हो त्यांनी इथे. नाव जाईल त्यांचं. त्यांच्या घरच्यांना काय वाटेल?"

"घरच्यांची हरकत नाही," ती म्हणाली आणि लिहायला लागली.

मुख्याध्यापिका तिच्या वाकलेल्या कपाळाकडे, मग नाकाकडे बघत राहिली. शेवटी ती उगाचच खिडकी लावायला उठली.

अहवाल पुरा व्हायला वेळ लागला. एक वाक्य तिने तीनदा लिहिलं, आणि शेवटी होतं तसंच ठेवलं. सही केली, कागद पिशवीत घातला.

ती ओसरीवर आली तशी ती चिमुरडी खेळ टाकून धावत आली आणि तिच्यापुढे पाठ करून उभी राहिली. तिने बाजूने जायचं म्हटलं, तर मुलगीही बाजूला सरकली आणि खांदा थोडा उंच करून थांबली. मोठं माणूस वर्गातून निघालं की असंच उभं राहायचं असतं, असं तिला वाटत असावं.

तिने त्या खांद्यावर हात ठेवला.

"पायरी आहे," मुलगी म्हणाली.