कालीबाईची रिकामी स्ट्रिप

गोकुळच्या मेडिकलसमोर गर्दी दिसली की चुनीलालच्या पोटात दुखायला लागे, आणि त्यावरचं औषध काही त्याच्या दुकानात नव्हतं. सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजारात त्याचं मेडिकल वीस वर्षांचं, समोरचं गोकुळचं कालपरवाचं. तरी परदेशी कंपनीच्या गोळ्या जास्त खपवल्या म्हणून बँकॉकची सहल मिळाली ती गोकुळला! चुनीलाल जळून कोळसा झाला.

त्याच आठवड्यात अमेरिकेने भारताच्या मालावर कर चढवला, टीव्हीवर स्वदेशीचा गजर सुरू झाला आणि चुनीलाल रातोरात देशभक्त झाला. सहल त्याला मिळाली असती, तर हाच गडी बँकॉकचे फोटो टाकत बसला असता. आता त्याने परदेशी औषधांची खोकी जाळायला दारात पोतं ठेवलं.

डोंगरातली माणसं डॉक्टरची चिठ्ठी सांभाळत नाहीत. संपलेल्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप पदराला बांधून आणतात आणि 'हीच दे' म्हणतात. आठवडी बाजाराच्या दिवशी कालीबाई तशीच आली. तिच्या नवऱ्याला, बाज्याला, फिट येत. गोळ्या ती गोकुळकडून नेई, पण तिथे गर्दी म्हणून चुनीलालच्या पायरीवर टेकली.

"दखाड," म्हणत त्याने स्ट्रिप घेतली. "ही तं परदेशी गोयी शे! पुढला बाजारले देशी आणी देसू." आणि स्ट्रिप पोत्यात टाकली.

फिटची गोळी एक दिवसही चुकवू नये, हे त्याला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण गोकुळचं गिऱ्हाईक तुटल्याचा आनंद मोठा होता.

पुढच्या बाजारी कालीबाई रडतच गोकुळकडे गेली. फिट येऊन बाज्या चुलीत पडला होता, हात कोपरापर्यंत भाजला होता.

"कोणती गोयी व्हती, बाई? फिटन्या चार जातन्या गोया ऱ्हातस," गोकुळ विचारत होता. तिने समोरच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

चुनीलालला पोतं धुंडाळावं लागलं नाही. गोकुळकडून कोण काय नेतं, हे त्याला जळफळाटानेच तोंडपाठ झालं होतं. रस्ता ओलांडून त्याने गोळीचं नाव सांगितलं.

गोकुळने स्ट्रिप काढून उलटी केली. "वाच, चुनीभाऊ. कंपनी परदेशी, पन गोयी गुजरातमा बनेल शे. तुन्ही देशी गोयीनी पावडर तं चीनमाईन येस."

मग त्याने गोळ्या कालीबाईच्या हातात ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत.

चुनीलालने मान खाली घातली. बाज्याच्या हाताचं त्याला वाईट वाटत होतं, अगदी खरं वाटत होतं. पण आता सगळा बाजार गोकुळला देवमाणूस म्हणणार, हे त्याला त्याहून जास्त लागलं.