सोंडेवरचा ओढा

बेचाळीसही विद्यार्थ्यांच्या जर्नलांत, नकाशावर सहाशे मीटर उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषेचं टोक उताराकडे वळलेलं होतं आणि त्या टोकातून निळ्या पेनाने ओढा काढलेला होता. म्हणजे ओढा दरीतून नाही, डोंगराच्या सोंडेवरून वाहत होता. कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या मंजुषाने कपाटातलं सहा वर्षांपूर्वीचं जर्नल उघडलं. तिथेही तोच ओढा, खाली विभागप्रमुख रंगनाथ सरांची सही. गेल्या वर्षीच्या जर्नलात तिची स्वतःची. तिचे कान तापले.

सकाळी तिने घरचा लॅपटॉप आणून वर्गात तोच नकाशा त्रिमितीत उभा केला होता. सुरगाण्याच्या उज्ज्वलाने माऊस धरून डोंगर फिरवला आणि तिचा हात थांबला.

"मॅडम, हा तर आमच्या घरामागचा डोंगर. सोंडेवर पाणी कुठलं? मी लहानपणापासून वढ्यावर जाते नि जर्नलात असं काढलं!"

"मग काढलंस का?"

"सीनियरच्या जर्नलात होतं. सगळेच उतरवतात. सर बरोबरची खूण करतात."

प्रयोगशाळेत दहा नवे संगणक होते. तीन वर्षं त्यांच्यावरचं प्लास्टिक निघालं नव्हतं आणि किल्ली सरांच्या खणात होती.

दुपारी सरांनी प्रमाणपत्र पुढे सरकवलं : जर्नलांतली वीसही प्रात्यक्षिकं संगणकावर पूर्ण.

"सर, आधी किल्ली द्या."

"परत तेच? अहो, तपासणी समिती येऊन गेल्याशिवाय प्लास्टिक काढायचं नाही. पोरं कीबोर्डवर वडापाव खातात."

"जर्नलांत ओढा डोंगरावर चढलाय, सर. बेचाळीस जणांचा."

"चढू द्या की! परीक्षक काय पाणी ओतून बघणार आहे?" सर स्वतःच्याच विनोदावर हसले. "तुम्ही तासिका तत्त्वावर आहात, मॅडम. जूनमध्ये शिफारस मलाच करायचीय. पाच अर्ज पडलेत. एक तर इथलाच, पंचवटीतला, चालत येईल. करा सही, चहा मागवतो."

तीन वर्षं ती याच खुर्चीत बसून सही करून चहा प्यायली होती. दर वेळी वाटायचं, पुढच्या वर्षी नाही म्हणू. घराजवळचा डोंगर ओळखणाऱ्या पोरीने तो खोटा काढला होता, आणि त्याला बरोबर म्हणायला आता मंजुषाची सही हवी होती.

तिने पेनाला टोपण लावलं.

"चहा नको. मी सही करणार नाही, सर. एकही प्रात्यक्षिक झालेलं नाही, असं मी आजच विद्यापीठाला लेखी कळवते आहे."