योगीराजबुवांचं बोट

पिंगळीत मनकर्णाबाईंच्या दारात अर्धं गाव बसलं होतं. उरलेलं अर्धं भिंतीवर चढलं होतं, आणि भिंत अजून उभी होती हाच खरं तर चमत्कार. पण सगळ्यांचे डोळे होते रेडिओवर. महिन्यापूर्वी वारलेल्या त्यांच्या नवऱ्याचा, किशनरावांचा, तो शॉर्टवेव्ह रेडिओ. लिंबाला ताणलेली लांब तार जोडूनही नुसता खरखरायचा. मांत्रिक योगीराजबुवा जमिनीवर तांब्याभर तीर्थ ओतायचा, त्यात अनवाणी उभा राहून रेडिओमागच्या स्क्रूला बोट लावायचा, की आतून घोगरा आवाज बोलू लागायचा. बोट काढलं की पुन्हा खरखर. भाषा कुणालाच कळेना. ती पितरांची, आणि तिचं मराठी करायचं कंत्राट एकट्या बुवाकडं.

"किशनराव म्हनायलेत, सुनंच्या पोटातल्या लेकरानं मला गिळलं. दिवस बुडायच्या आत तिला घराबाहेर काढा."

सून रोहिणीला सातवा महिना. नवरा पुण्याला कामाला, माहेरी कुणी उरलेलं नाही. सासू तिच्याकडं बघेना. त्याहून वाईट म्हणजे तिलाच वाटू लागलं, खरंच आपल्यामुळं मामंजी गेले असतील का?

शाळेतल्या राजेश्रीबाई पुढं आल्या. त्यांनी बुवाला कोरड्या घोंगडीवर उभं राहून बोट लावायला सांगितलं. लोकरीचा पितरांना विटाळ होतो, बुवा म्हणाला. बाई रोहिणीकडं वळल्या.

"तू लाव. सेलवर चालतोय, झटका बसत न्हाई."

ती अनवाणीच ओल्यात उभी राहिली. डोळे मिटून तिनं बोट टेकवलं आणि तोच आवाज खणखणीत आला. मनकर्णाबाई मागं सरकल्या. हिच्याच अंगात हाय, अशी कुजबूज उठली. रोहिणीला रडू फुटलं.

"आता कुणाचंच बोट नको," म्हणत बाईंनी स्क्रूपासून हापशाच्या लोखंडी पाइपापर्यंत तार ओढली आणि लिंबावरची तार शाळेतून आणलेल्या, तांब्याच्या तारेचे वेढे दिलेल्या कड्यातून रेडिओला जोडली. आवाज आला, आणि टिकला.

"रेडिओला जमिनीची जोड हवी व्हती. ओल्यात उभा माणूस ती देतो, मग बुवा असो का रोहिणी; कोरड्या घोंगडीवरचा देत न्हाई. हे कडं तारेचा आन् रेडिओचा मेळ बसवतं, म्हंजी तारेनं पकडलेलं वाया जात न्हाई."

साडेपाचला त्याच केंद्रावर त्या आवाजाच्या जागी हिंदी निवेदन सुरू झालं. केंद्र परदेशातलं निघालं; निवेदकानं सांगितलं, बर्फ पडून तिकडचे रस्ते बंद आहेत. किशनरावांनी उभ्या जन्मात जत्रेतल्या गोळ्यापलीकडं बर्फ पाहिला नव्हता. भिंतीवर कुणीतरी फिसकन हसलं, आणि बुवा चपला न घालताच सटकला.

मनकर्णाबाई सुनेजवळ आल्या. तिचा हात धरून म्हणाल्या, "पोरी, घरात चल. मीच भ्याले व्हते गं."

भीती सगळ्यांनाच वाटते, मंडळी. त्यात लाज नाही. पण तिच्यापायी कुणाला दाराबाहेर काढण्याआधी एवढं विचारा: हेच दुसऱ्या कुणी केलं तर काय होतं?