तीन प्रश्नांची उलटतपासणी

नागुबाईचे गुडघे नेमके त्याच आठवड्यात का दुखायला लागले, याचा केरबाने फारसा विचार केला नाही. लेक वकिलीच्या परीक्षेत अख्ख्या विद्यापीठात पहिली आलेली, लातूरला पदवीचा मोठा कार्यक्रम, आई-बापाला पहिल्या रांगेचे दोन पास, आणि आईच म्हणत होती, "तुमी जावा. मला त्या पायऱ्या चढणं व्हत न्हाई."

"मग दुसऱ्या पासाचं काय?"

"त्ये तुमची लेक बघंल," असं म्हणून ती चुलीकडे वळली.

केरबाने नवा पांढरा सदरा घातला आणि सकाळची एस.टी. धरून अहमदपूरहून लातूर गाठलं. तो आप्पासाहेबांच्या संस्थेच्या शाळेत शिपाई होता. एकवीस वर्षं त्याने तिथली घंटा वाजवली, वर्ग झाडले, साहेबांना चहा दिला. लातूरचं लॉ कॉलेजही त्याच संस्थेचं. बुद्धप्रियाला तिथे प्रवेश मिळाला तेव्हा आप्पासाहेब त्याला म्हणाले होते, "केरबा, तुझी लेक ती आमची लेक." त्यावर तो दोन्ही हात जोडून उभा राहिला होता. तसं उभं राहायची त्याला सवयच झाली होती.

सभागृहाच्या दारात बुद्धप्रिया भेटली. अंगात काळा झगा, हातात टोपी. तो तिच्याकडे बघतच राहिला. तिने वाकून पाया पडल्यासारखं केलं आणि त्याला आत घेऊन गेली. पहिल्या रांगेत दोन खुर्च्यांवर 'पालक' असं लिहिलेले कागद चिकटवले होते. एकीवर आधीच कुणीतरी बसलं होतं. फिक्या निळ्या लुगड्यातली, पिकल्या केसांची बाई. मांडीवर कापडी पिशवी.

केरबा चार पावलांवर थांबला. एकवीस वर्षांनीही लांबून ओळखू यावी अशी ती बाई होती. त्याच्या चुलतभावाची, सुगतची बायको. सरजाबाई.

"हे काय केलं तू?" त्याने लेकीला हळूच विचारलं.

"मायनं तिचा पास दिला. मी किल्लारीला जाऊन मोठीमायला घेऊन आले."

"मला सांगायचं तर व्हतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?" बुद्धप्रियाच्या आवाजात राग नव्हता. "बाबा, मी सेकंड इयरला असताना कोर्टाच्या रेकॉर्डमधून सगळा निकाल काढून वाचलाय. साक्षीदार क्रमांक तीन, केरबा गायसमुद्रे, फितूर. बसा आता."

ती पुढच्या बाजूला, झगेवाल्या मुला-मुलींत जाऊन बसली. केरबाला उभं राहायलाही जागा नव्हती. तो बसला. सरजाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. पूर्वी ती त्याला भावजी म्हणायची. सणाला पहिली पोळी त्याच्या ताटात टाकायची.

सुगतने गावच्या गायरानात दोन एकर पडीक जमीन वहितीखाली आणली होती. सगळे धोंडे त्याने आणि सरजाबाईने वेचले. तिसऱ्या वर्षी ज्वारी अशी आली की जाणाऱ्या-येणाऱ्याची मान वळावी. तीच गावातल्या काहींच्या डोळ्यांत खुपली. एका दुपारी सहा जण काठ्या आणि कुऱ्हाडीचे दांडे घेऊन आले. केरबा तेव्हा विहिरीवर बैलांना पाणी पाजत होता, पन्नास पावलांवर. त्याने सहाही जणांना पाहिलं. नावानिशी, बापाच्या नावानिशी. तिसऱ्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात सुगतने जीव सोडला.

पोलिसांना केरबाने सहाही नावं सांगितली होती. पण खटला उभा राहीपर्यंत दीड वर्ष गेलं, आणि साक्षीच्या चार दिवस आधी आप्पासाहेबांचा माणूस घरी आला. सहांतले दोघे आप्पासाहेबांच्या भावकीतले होते. माणूस गोड बोलला. गावात राहायचंय ना, म्हणाला. पोरगी लहान आहे ना. शाळेत शिपायाची जागा निघतेय, म्हणाला. नागुबाई आतून ऐकत होती. तो माणूस गेल्यावर तिने केरबाला काही विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही. कोर्टात तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला की दिवेलागण झाली होती, तोंडं ओळखू आली नाहीत. सरजाबाई समोरच्या बाकावर बसली होती.

सहाही सुटले. सरजाबाईने गाव सोडलं, ती किल्लारीकडे माहेरी गेली. तिथल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवून तिने दिवस काढले. जूनमध्ये केरबा शिपाई झाला.

पाहुणे दीड तास उशिरा आले. सगळं सभागृह उभं राहिलं. पुढे आप्पासाहेब, आता काठी टेकत चालणारे, आणि त्यांच्या शेजारी प्रमुख पाहुणे. ज्येष्ठ विधिज्ञ रामलिंग वकील, अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. मूळचे लातूरचे, आता हायकोर्टात मोठं नाव. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता, पण मान तिरकी करून बोलायची लकब तीच. केरबाने ती लकब पिंजऱ्यातून पाहिली होती.

समई लागली, शाली झाल्या, बुके झाले. प्राचार्यांनी अहवाल वाचला. मग रामलिंग वकील बोलायला उभे राहिले. बोलणं छान होतं. पोरं हसत होती, टाळ्या वाजवत होती.

"मित्रांनो, उलटतपासणी ही कला आहे," ते म्हणाले. "नवीन वकिलाला वाटतं, जितके जास्त प्रश्न तितकी मोठी वकिली. चूक. कुठं थांबायचं हे ज्याला कळलं तो वकील. याच लातूरच्या सेशन कोर्टात मी एक खुनाचा खटला चालवला. सहा आरोपी. सरकारी पक्षाचा सगळा डोलारा एका साक्षीदारावर. मी त्याला किती प्रश्न विचारले असतील? तीन."

त्यांनी तीन बोटं वर केली.

"पहिला, तुम्ही तिथं किती वाजता होता? तो म्हणाला, दिवेलागणीला. दुसरा, मग उजेड किती होता? म्हणाला, नव्हता. तिसरा, तोंडं दिसली का? म्हणाला, नाही. मी म्हणालो, नो फर्दर क्वेश्चन्स, आणि खाली बसलो. सहाही निर्दोष. न्यायाधीश महाराज नंतर चेंबरमध्ये मला म्हणाले, वकीलसाहेब, तुम्ही आज आमचा अर्धा दिवस वाचवला."

सभागृह हसलं. पुढच्या रांगेतले प्राध्यापक हसले, आप्पासाहेबही ओठांतल्या ओठांत हसले. त्यांना तो खटला आठवत असणारच.

केरबाने मान खाली घातली. त्याने डोळ्यांच्या कडेने पाहिलं. सरजाबाईने पिशवीचे बंद दोन्ही मुठींत घट्ट धरले होते आणि ती मंचाकडे एकटक बघत होती.

"दुपार व्हती," ती म्हणाली. एवढंच. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

मग पदव्या सुरू झाल्या. एकेक नाव, एकेक फोटो. शेवटी सुवर्णपदक. "बुद्धप्रिया केरबा गायसमुद्रे," निवेदिकेने पुकारलं, "आणि त्यांच्या पालकांनीही मंचावर यावं."

केरबाला वाटलं, इथूनच मागच्या दाराने निघून जावं. पण सरजाबाई उठली होती, आणि ती उठल्यावर त्याला बसून राहणं जमेना. दोघं पायऱ्या चढले. ती पुढे, तो मागे.

रामलिंग वकिलांनी पदक बुद्धप्रियाच्या गळ्यात घातलं, हात मिळवला आणि सरजाबाईला मोठ्या अदबीने नमस्कार केला.

"या तुमच्या आई का?"

"नाही सर," बुद्धप्रिया म्हणाली. "माझी आई घरी आहे. या माझ्या काकू, सरजाबाई. सुगत गायसमुद्रे यांच्या पत्नी."

"अच्छा, अच्छा." वकिलांनी मान तिरकी केली. "सुगत, म्हणजे कोण? इथं कॉलेजात आहेत का?"

ते नाटक करत नव्हते. केरबाने त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. माणसाला खरोखर आठवत नव्हतं. तीन प्रश्न आठवत होते, न्यायाधीशाचा शेरा आठवत होता. मेलेल्याचं नाव तेवढं गेलं होतं.

केरबाच्या तोंडून शब्द कसे निघाले ते त्यालाही कळलं नाही. "तुमी आत्ता सांगितलं ना साहेब, सहा आरोपी. त्यांनी ज्याला मारलं त्यो सुगत. आन् त्यो साक्षीदार मी. उजेड व्हता साहेब. दुपारचे तीन वाजले व्हते. मी सहाही जणं बघितले. मी खोटं बोललो."

माइक लांब होता. खालच्या लोकांना फक्त एक पांढऱ्या सदऱ्यातला माणूस पाहुण्यांशी काहीतरी बोलतोय एवढंच दिसलं असणार. वाद्यवृंद वाजत होता. रामलिंग वकिलांचा चेहरा क्षणभर कोरा झाला, मग त्यांनी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जुन्या गोष्टी आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "आज मुलीचा दिवस आहे. असं बोलायचं नसतं."

आप्पासाहेब हसऱ्या चेहऱ्यानेच म्हणाले, "केरबा, खाली उतर."

"इकडं बघा सर," फोटोग्राफर म्हणाला. सगळ्यांनी तिकडं बघितलं. फोटो निघाला.

बाहेर मांडवात जेवणं सुरू झाली होती. सरजाबाई ताट न घेता फाटकाकडे निघाली. केरबा तिच्या मागे गेला.

"वहिनी, दोन घास खाऊन तरी जावा."

ती थांबली. पहिल्यांदा तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "आज बोललास," ती म्हणाली. "कुणी ऐकलं?"

त्याने मागे वळून मांडवाकडे पाहिलं.

"पोरगी म्हणली, चल, तुला मानानं बसवते. म्हणून आले. त्या माणसाला माझ्या नवऱ्याचं नाव बी ठावं न्हाई." ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "तुला तरी ठावं हाय. त्येचं मी काय करू?"

बुद्धप्रिया पदक पर्समध्ये टाकून धावत आली आणि मोठीमायचा हात धरून तिला रिक्षापर्यंत घेऊन गेली. परत आल्यावर ती बापाजवळ उभी राहिली.

"आता खटला पुन्हा उभा व्हतो का?" केरबाने विचारलं. "मी सांगतो कुठं बी. सहाही नावं."

"नाही होत. सुटले ते सुटले. दोन वर्षं मी तेच शोधत होते बाबा. माझ्या सगळ्या सरांना फिरवून फिरवून विचारलं. वाट नाही." तिने टोपी झटकली. "हे तेव्हा बोलायचं होतं."

जूनमध्ये संस्थेचं पत्र आलं. प्रशासकीय कारणास्तव केरबाची बदली किनवटच्या आश्रमशाळेत, वसतिगृहावर. रिटायर व्हायला चौदा महिने उरले होते. नागुबाईने त्याची वळकटी बांधून दिली, आणि सोबत यायचं का ते विचारलं नाही. लातूरच्या कुठल्याच मोठ्या वकिलाने बुद्धप्रियाला हाताखाली घेतलं नाही. सगळ्यांनी हसून, कौतुक करून नाही म्हटलं. ती नांदेडला गेली, कोर्टाच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एका म्हाताऱ्या वकीलबाईंच्या टेबलाशी बसू लागली.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तिचा फोन आला. किनवटला झड लागली होती, पोरांचे कपडे वाळत नव्हते, आणि केरबा व्हरांड्यात दोऱ्या बांधत होता.

"बाबा, एक काम होतं," ती म्हणाली. "तुम्ही मंचावर बोललात ते मोठीमायला कागदावर पाहिजे. स्टँपपेपरवर, सहाही नावं, तुमची सही. मी तयार करते."

"त्यानं काय व्हईल?"

"काहीच होणार नाही. कोर्टात नाही लावायचा तो. तिला फक्त घरात ठेवायचाय. सुगतकाकांच्या फोटोपाशी." ती जरा थांबली. "पण एक सांगते, तो कागद कुणाच्या हाती लागला तर कोर्टात खोटी साक्ष दिली म्हणून तुम्हालाच त्रास होऊ शकतो. वकील म्हणून हे सांगायला पाहिजे."

केरबा दोरी हातात धरून उभा राहिला. व्हरांड्याच्या टोकाला अधीक्षकाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत भिंतीवर संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांचा फोटो होता.

"पेन्शनीची कागदं अजून संस्थेतच हायत," तो शेवटी म्हणाला. "आप्पासाहेबांची सही बाकी हाय. ती व्हऊन जाऊ दे. मग करू. चौदा महिने म्हणजे आता बाराच राहिले."

फोनवर तिच्या मागे कुठेतरी टंकलेखनाचा खडखडाट ऐकू येत होता.

"बरं," ती म्हणाली. "गोळ्या घेता ना वेळेवर?"

"घेतो."

फोन बंद झाला. केरबाने दोरीला गाठ मारली, ओढून पाहिली आणि पोरांची ओली कापडं एकेक करून वाळत घालायला लागला.