कपाएवढा खण

दार पहिलं

हात लावला की हात चिकटतो. मग तो धुवायचा, साबण लावून, दोनदा. पुसायला नॅपकिन घ्यायचा तर नॅपकिन याच अलमारीत. म्हणजे पुन्हा दार, पुन्हा हात, पुन्हा साबण. चोवीस वर्षं मंजुषा या फेऱ्यात अडकली होती.

अलमारी म्हणजे भिंतच म्हणा. राजापेठेतल्या त्या घरात जेवणाच्या खोलीची एक अख्खी बाजू, जमिनीपासून छतापर्यंत, सागवानाची. सहा दारं. सासरे खुशालराव वलगावची शेती भावावर सोपवून अमरावतीत आले, चौऱ्याऐंशी साली घर बांधलं आणि ही अलमारी भिंतीतच बसवून घेतली. तेव्हापासूनच्या सगळ्या फोडण्या त्या लाकडावर बसलेल्या. तेल, त्यावर धूळ, धुळीवर पुन्हा तेल. नखाने खरवडलं की काळी वळी निघायची. तिला हिंगाचा नि मेलेल्या झुरळाचा वास यायचा, वेगळा वेगळा नाही, एकत्र. जेवताना मंजुषा अलमारीकडे पाठ करून बसे. तरी तो वास पोळीत यायचा.

तिला पांढरा रंग हवा होता. बाकी काही नको. पांढरा.

दार दुसरं

हे उघडत नाही. बिजागरी गंजून बसली ती बसली. आत काय आहे हे घरात कोणाला ठाऊक नाही, आणि त्यावाचून कोणाचं अडलेलंही नाही.

पुढे.

दार तिसरं (इथे चांगले कप असतात, आणि भांडणं)

"सागवानाले रंग?" नितेश म्हणाला. कृषी महाविद्यालयाच्या ऑफिसातून आला की तो हातपाय धुऊन थेट ताटावर बसे. "लोक काय म्हणतीन? बाबानं परतवाड्याहून लाकूड आणलं, मंजू. त्याच्यावर डुको मारू?"

"लोक येऊन चाटून पाहतात काय?"

"थे बाबाची आठवण हाय."

"मंग तुमी पुसा ना बाबाची आठवण. दर रविवारी. फडकं मी देते."

फडकं तिने खरंच दिलं होतं. ते तीन महिने खुर्चीच्या पाठीवर तसंच वाळत होतं.

मुलगी रागिणी पुण्याहून मोबाइलवर फोटो पाठवायची. पिस्त्याच्या रंगाच्या अलमाऱ्या, त्यात एकेक वाटी, जणू त्या घरात कोणी जेवतच नाही. 'आई, दिवाळीला मैत्रिणी येणार आहेत. त्या खोलीत बसवत नाही गं.' नितेशने तो फोटो पाहिला आणि ढेकर दिला.

तरी रंग आला. दोन डबे, टेबलाखाली ठेवलेले. पेंटर नत्थुजी सोमवारी येणार हेही ठरलं. शुक्रवारी नितेशने शेवटचा खोडा घातला.

"मिस्त्रीले विचारू. ज्यानं केली थोच म्हणन की मार, तं मार. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

ही त्याची युक्ती होती. स्वतःच्या हातच्या सागवानावर रंग मारा असं कोणता सुतार म्हणेल? मंजुषाला युक्ती कळली, पण ती थकली होती. अकोल्याच्या एका फर्निचरवाल्याकडून नंबर मिळाला. अब्दुल रहीम मिस्त्री जिवंत होते, पंच्याहत्तरीचे होते, आणि फोनवर एवढंच म्हणाले, "येतो. मले पाहाचीच हाय थे."

दार चौथं नि पाचवं, एकदम, कारण त्यांत एकच वास आहे

चौथ्यात सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या. पाचव्यात जुन्या, रिकाम्या बरण्या, ज्या टाकायच्या नाहीत. बरणीच्या गळ्याशी खाराचा ओशट थर, थरात मुंगळे, मुंगळ्यांनाही मरून आता बरेच दिवस झालेले. टाकायला काढल्या की समोरच्या खोलीतून जमुनाबाईंचा आवाज येई. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, कान मात्र शाबूत.

"मंजू, कोणतं दार वाजलं थे?"

दारांचे आवाज त्यांना पाठ होते. उघडणाऱ्या पाचही दारांचे.

व्हरांडा (याला दार नाही)

शनिवारी सकाळी दहाला मिस्त्री आले. मुलगा इमरान गाडी चालवत घेऊन आला होता, चाळिशीचा, पॉलिशचं काम करणारा, नखांत कायमचा तांबडा रंग. अब्दुल रहीम काटकुळे, पांढरी दाढी, उजव्या हाताचं एक बोट अर्धं.

नितेशने खुर्च्या दिल्या. मंजुषाने चहा आणला. कामाची माणसं आली की आधी चहा, ही रीत तिने कधी चुकवली नव्हती. आलं घातलेला, दाट, कागदी कपात. दोघांनी घेतला. इमरानने रिकामा कप चुरगाळून फाटकाबाहेर भिरकावला. अब्दुल रहीमांनी इकडेतिकडे पाहिलं. टोपली दिसली नाही, तेव्हा कप हातातच ठेवून ते उठले.

जेवणाच्या खोलीच्या उंबऱ्याशी ते थांबले.

"येऊ आत?"

"या ना. काहून विचारता?" मंजुषा म्हणाली.

"नाही, विचारलं आपलं. हिचं पॉलिश वाळलं, तुमचे ताटं लागले, त्याच्यानंतर ह्या खोलीत आलोच नाही कधी. व्हरांड्याचं काम केलं, खिडक्यांचं केलं. बाहेरून आलो, बाहेरून गेलो."

म्हाताऱ्या माणसाचा संकोच, असं समजून ती हसली.

इमरानने खिशातून पातं काढलं आणि पहिल्या दारावर चार बोटं जागा खरवडली. काळी वळी वळत वळत फरशीवर पडली. मंजुषाने नाकाला पदर लावला, आणि पदरावरून तिला ते दिसलं. वळीखाली मधाच्या रंगाचं लाकूड होतं, त्यात रेघा, ओल्या वाळूवरून पाणी ओसरल्यावर राहतात तशा.

"अब्बा, देखो."

"पाहून राहिलो."

"रंग नका मारू, बाई," इमरान म्हणाला. "पाच दिवसात घासून नवी करून देतो. असं लाकूड आता भेटत नाही."

"ऐकलं?" नितेशने विचारलं. त्याचा चेहरा क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखा झाला होता. "ऐकलं काय, मंजू?"

तिने ऐकलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या चार बोटांपुढे तिचा पांढरा रंग डळमळला होता. पाच दिवसांत वास जात असेल, हात चिकटत नसेल, तर तिला सागवानाशी वैर नव्हतं. गोष्ट इथेच संपायची. नितेश जिंकायचा, लाकूड चमकायचं, दिवाळी व्हायची.

पण मिस्त्री भिंतीच्या टोकाकडे निघाले होते.

दार सहावं

ते वीतभरही नाही. सगळ्यांत शेवटी, खाली, फरशीपासून हातभर उंचीवर. अब्दुल रहीम गुडघ्यावर हात रोवून हळूहळू उकिडवे बसले. दार उघडलं. कुरकुर नाही, फक्त हलकी टक. एवढ्या वर्षांनीही.

आत एक कप होता, निळ्या फुलांचा, कान तुटलेला, खाली बशी. त्याच्या पुढ्यात कागदी कपांचं पाकीट, पन्नासचं, अर्धं संपलेलं.

मिस्त्रींनी पाकीट बाहेर काढलं. मग स्वतःच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. मग हसले. अगदी मोकळं, कारागीर हसतो तसं.

"अजून चालू हाय म्हणा माझं काम."

"म्हणजे?" नितेशने विचारलं.

"हा खण शेवटचा केला मी. खुशालराव पाटील म्हणले, याले दोन दारं पाह्यजेत. एक आतून, एक मागच्या अंगणातून. मी म्हणलं कशाले? तं म्हणे, दूधवाल्यासाठी. माप देल्लं सहा इंच." त्यांनी अर्ध्या बोटाने खणाची उंची दाखवली. "बाई, तुमी सांगा. दुधाचा गंज, एवढं पातेलं, सहा इंचात जाते काय?"

त्यांनी खणाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मिस्त्री मापावरून ओळखते. पण काम सांगतलं, काम केलं. चांगलं केलं, पाहा ना, एक खिळा नाही त्याच्यात. ज्या दिवशी पुरा झाला त्याच दिवशी आतून टकटक झाली. मी अंगणात बसेल होतो. बाहेरचं दार उघडलं, तं हा कप. भरलेला. पहिला चहा मलेच."

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले असते तर बरं झालं असतं. तसं म्हणाले नाहीत. बिजागरीबद्दल बोलावं तसं बोलले.

मंजुषाला सगळं आठवत होतं. विसरली होती असंही नाही. लग्नानंतरच्या आठवड्यात सासूबाईंनी शिकवलं होतं: गंज वर धरायचा, धार वरून सोडायची, कपाला आपला हात लागू द्यायचा नाही, त्यांचं ते धुतात. नऊ वर्षं तिने धार सोडली. संडास साफ करायला येणाऱ्या शालूसाठी, बोअर खोदायला आलेल्यांसाठी, बांगडीवाल्यासाठी. शालू भिंतीपलीकडून म्हणायची, "वहिनी, साखर कमी टाका जी." चहा पितानाचं शालूचं तोंड मंजुषाने कधी पाहिलं नाही. मग मागे बाथरूम बांधलं, बाहेरचं दार विटांनी बुजलं, आणि तिला वाटलं, चला, संपलं. तिनेच तर म्हटलं होतं, असलं काही आपल्या घरात नको आता.

आणि मग एक दिवस बाजारातून हे पाकीट आणलं. ठेवायला जागा शोधली. पाकीट बरोब्बर मावलं.

"ते डिस्पोजलचे कप... धुवायला नको म्हणून," ती म्हणाली.

तिला कोणीच विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दारात चोवीस चांगले कप होते. नितेशच्या ऑफिसातले लोक आले की ती ते काढायची, आणि धुवायची, दर वेळी धुवायची. काळी वळी आता फरशीवर नव्हती. ती तिच्या जिभेखाली होती.

तेवढ्यात समोरच्या खोलीतून आवाज आला. प्रेमळ, काळजीचा, पाहुणचारात चूक होऊ नये अशा जिवाचा.

"मंजू! सहावं उघडलं काय? मिस्त्रीले चहा देल्ला नाही का अजून? थ्या खणातल्या कपात दे बरं. नीट वरून."

इमरानने पातं मिटलं. "चलो अब्बा."

"आईचं वय झालं, मिस्त्री," नितेश घाईने म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मनावर नका घेऊ. आणि तुमी नका करू पॉलिश बिलिश. मंजू, तूच बरोबर होती. मारून टाकू रंग. सगळं पांढरं. हा खण पुट्टीनं भरून टाकू. विषय खतम."

तीन महिने बापाची आठवण घेऊन बसलेला माणूस. मंजुषाला त्याच्याकडे बघवेना. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात थुंकी जमली होती. आणि बोलत होता ते तिचंच होतं, शब्द न शब्द. तीन महिने ती हेच बोलत होती: पांढरं करा, भरून टाका, वास नको.

"रंग नको," ती म्हणाली.

"आता? आता नको रंग?"

"बाई, खण काढून सरळ फळी टाकतो," इमरान म्हणाला. रागावलेला होता, पण लाकूड सोडवत नव्हतं त्याला. "अर्ध्या तासाचं काम. कोणाले समजणार बी नाही."

"नको. राहू द्या तसाच. दिसू द्या."

अब्दुल रहीम भिंतीला धरून उभे राहिले. गुडघा वाजला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, वाईट नाही, चांगलंही नाही. लाकडाची फळी सरळ आहे का ते एका डोळ्याने बघतात तसं.

"दिसू द्या म्हणता. कोणाले?"



हातातला कागदी कप त्यांनी नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. पहिल्या दाराजवळून जाताना त्या चार बोटं जागेवरून तळवा फिरवला, एकदाच. आणि व्हरांड्यातून उतरले.

पहिलं, पुन्हा

नितेश बाहेर निघून गेला. जमुनाबाईंचा डोळा लागला.

मंजुषाने खणातला कप काढला. घासला. राखेने नाही, साबणाने, मग गरम पाण्याने, मग पुन्हा साबणाने. तीनदा. कपात काही नव्हतं, डाग नव्हता, वास नव्हता. कान तुटला होता तेवढाच. तिने चहा केला, आलं घातलं, दाट. गंज खाली धरून ओतला. अलमारीकडे तोंड करून बसली.

कप उचलला. ओठांपर्यंत नेला.

घसा मिटला. आपोआप, कोणी मूठ आवळावी तसा. डोळ्यांत पाणी आलं, तोंडात आंबट आलं. कप खाली ठेवला. श्वास घेतला. पुन्हा उचलला. कोण पितं यातून, असा विचार मनात आला नव्हता, तिला नक्की माहीत होतं की आला नव्हता. तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. सगळं घशात होतं, आणि घसा तिचं ऐकत नव्हता. तिसऱ्यांदा तिला ओकारी आली, आणि ती मोरीकडे धावली.

परत आली तेव्हा मोबाइल वाजत होता.

"ताई, नत्थुजी बोलून राहिलो. सोमवारी येऊ ना पेंटिंगले? पोट्टे लावू काय कामाले?"

टेबलाखाली रंगाचे दोन डबे होते. तिच्या पायाला त्यांचा गार पत्रा लागत होता.

"नका येऊ सोमवारी."

"मंग? रंग नाही मारत काय?"

"आता नाही."

"मंग कधी, ताई? म्हणजे मी दुसरं काम धरतो तोवर."

निळ्या फुलांच्या कपात चहावर साय धरली होती. तिने खुर्ची पुढे ओढली.

"धरा," ती म्हणाली. "मला एवढा चहा पिता आला, की सांगते."