कलाबाईंनी केलेलं काज

मित्रांनो, तिसगावच्या बाजारात तुमचं सगळं लक्ष जिलेबीच्या कढईकडे असतं. माझ्याकडे कोण बघतो? मी एक जुना मांजरपाटाचा तुकडा आहे. मधोमध एक भोक, एवढीच माझी विद्या. भागवतराव माझ्यात पीठ भरतात, मूठ आवळतात आणि तेलात वेढे सोडतात. कष्ट माझे, नाव त्यांचं.

त्या भोकाला, सदऱ्याला करतात तसं घट्ट काज त्यांच्या बायकोनं, कलाबाईंनी केलं होतं. पाकातून निघालेली पहिली जिलेबी भागवतराव न बघताच डावीकडं धरायचे. कलाबाई चाखून म्हणायच्या, "पीठ अजून आंबलं न्हाई."

"तुला काय कळतं?" असं म्हणत ते दुसरी पुढं करायचे.

गिऱ्हाइकं नमुन्याच्या नावाखाली तीन-तीन खायची आणि "गोड कमी हाय" म्हणून निघून जायची. एकेकाचा चेहरा माझ्या ध्यानात आहे!

दोन वर्षांपूर्वी कलाबाई गेल्या. भागवतरावांचा हात तरी डावीकडं जायचा, थबकायचा आणि जिलेबी परत पाकात पडायची. माझ्या काजाचे टाके उसवू लागले, भोक सैल होऊन वेढे जाड पडू लागले. सून रेश्मा म्हणाली, "मामा, दोन टाके घालते."

"तिच्या हातचं हाय ते. हात लावायचा न्हाई!"

मलाही त्या बोटांची फार आठवण येई. पण जपता जपता ते मला संपवत होते.

सव्वीस जानेवारीला जिलेबीसाठी रांग लागली. बिभीषण पाटलांनी एक वेढा उचलला. "भागवतराव, ही जिलबी हाय का बैलाचा कासरा?" लोक हसले. पुढच्याच मुठीला शेवटचा टाका तुटला आणि पिठाचा गोळा धप्पकन तेलात पडला.

भागवतराव माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मला धुतलं, पिळलं आणि रेश्माच्या हातात दिलं. "घाल बाई. तिच्यावानी घट्ट घाल."

कलाबाईंच्या जागेवर, डावीकडं बसून रेश्मानं नवं काज केलं. टाके जरा तिरपे आहेत. माझी तक्रार नाही. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू नुसती जपू नका. तिला टाका घाला, कामाला लावा. कामात असलो की आम्हाला करमतं.

पुन्हा बारीक वेढे पडले. पहिली जिलेबी सवयीनं डावीकडं गेली. या वेळी ती कुणीतरी घेतली.

"मामा, पीठ अजून आंबलं न्हाई."



"तुला काय कळतं?" भागवतराव म्हणाले आणि त्यांनी दुसरी पुढं केली.