भिंतीआडची इहीन

जिवनबाई तोंड उघडायला लागली की बायकांचे हात थांबत. म्हणून खळ्यावरचा मुकादम तिला मुद्दाम सगळ्यांच्या पार टोकाला बसवायचा. पण तिच्या आवाजाला टोकाला कोण बसवणार? हट्ट्याच्या शिवारात हळद शिजवून झाली होती, हळकुंडं वाळत पडली होती आणि बायका ती निवडत होत्या. जिवनबाईनं पाटी डोक्यावर घेतली, पोट पुढं काढलं आणि हुबेहूब मुकादमासारखी डुलत ढिगापासून ढिगापर्यंत गेली. बाया हसून हसून आडव्या झाल्या.

"पोरीचं लगन तोंडावर आलं, अन् तू अजून सोंगंच करून राहिली व्हय?" एकीनं विचारलं.

"सोंग न्हाई केलं तर दिवस कसा काढू, तूच सांग," जिवनबाई म्हणाली आणि पुन्हा हळकुंडं निवडायला बसली.

त्या खळ्यावर निम्म्या बाया विधवाच होत्या. त्यांच्या हातची हळद वसमतच्या मोंढ्यात विकायला जाते, तिथून घराघरांत आणि देव्हाऱ्यात जाते. तेव्हा कुणाला विटाळ होत नाही. त्याच बाईनं मांडवात हळदीच्या वाटीला बोट लावलं की मात्र आभाळ कोसळतं. या शहाणपणाला काय म्हणावं, ते वाचकांनीच ठरवावं.

एके काळी जिवनबाईशिवाय पंचक्रोशीत हळद लागत नव्हती. नवरा केरबा पेटी वाजवायचा, ही गायची. काजळाच्या मिशा काढून कंजूष व्याही व्हायची, घटकेत पदर घेऊन ठसकेबाज इहीन व्हायची. तिचं सगळ्यात गाजलेलं सोंग म्हणजे रडकी माय. लेकीला सासरी धाडताना ही माय हुंदके देऊन गायची:

लेक चालली गं माझी, काळीज माझं फाटलं,
अन् माझं नवं लुगडं गं कुन्या इहिनीनं लाटलं?

हुंदका, मग ओळ, मग पुन्हा हुंदका, आणि सगळं ठेक्यात. केरबानं तो एकेक हुंदका पेटीवर बसवून घेतला होता. मांडवात माणसं पोट धरून लोळायची.

मग केरबा साप चावून गेला. ज्या बायांना जिवनबाईनं जन्मभर हसवलं, त्यांनीच तिच्या बांगड्या फोडल्या आणि कपाळ पुसलं. सुपाऱ्या बंद झाल्या. हळदीच्या घरी मोकळ्या कपाळाची बाई कशी चालेल? पण लोकांना तिच्याविना करमेना. तेव्हा एका शिकल्यासवरल्या घरानं तोडगा काढला. मांडवात स्पीकर लावायचा आणि जिवनबाईला माईक देऊन मागच्या खोलीत बसवायचं. शकुन सांभाळला, करमणूकही झाली. लोकांनी याला सुधारणा म्हटलं. पोटासाठी तिनंही ते मान्य केलं. हळूहळू लोक तिचा चेहराच विसरले.

आता तिच्या एकुलत्या लेकीचं, रीताचं लग्न शिरड शहापूरच्या विजयकुमारशी ठरलं होतं. थोरला दीर संतराम घरचा कर्ता, आशाबाई त्याची बायको. एका दुपारी तो ओसरीवर बसून बोलला. जिवनबाई डोक्यावर पदर घेऊन चौकटीआड उभी होती.

"रीताच्या माय, ऐका. पावणे लई नेमाचे हायती. आपल्या घरात हळदीचं पहिलं बोट मायचं असतं, पण ते आता आमची आशा लावंल. तुमी कोठीत बसा, माईक तिथंच देतो. गाणं मातर झालंच पायजे, इहीनबाईनं खास सांगितलंय."

"व्हय," जिवनबाई म्हणाली.

रीता आतून ऐकत होती. काका उठून गेल्यावर तिनं आईला गाठलं.

"काहून व्हय म्हणलीस?"

"मंग काय म्हणू? लगन मोडलं तर लोक म्हणतील, आधी नवरा खाल्ला, आता पोरीचा संसार खाल्ला."

"मोडू दे."

"तोंडानं बोलणं सोपं हाय, लेकरा. तुला माझ्या गळ्याची आण हाय, मांडवात एक शब्द बोलू नको."

रीता गप्प बसली. आपली पोरं अशीच गप्प बसतात. आयांच्या गळ्याच्या आणा घालून आपण ती बसवतो.

हळदीच्या दिवशी दुपार कलताना सुमनबाई, म्हणजे विजयकुमारची आई, गाडीभर बायका आणि नवरदेवाची उष्टी हळद घेऊन आली. रीता पाटावर बसली. जिवनबाई कोठीत हळदीच्या पोत्यांमधे माईक धरून बसली होती. कोठीला खिडकी नव्हती. बाहेर काय चाललंय ते कानानंच समजून घ्यायचं. तिनं कंजूष व्याह्याचं गाणं म्हटलं, मांडव हसला. मग सुमनबाईनं फर्माईश केली, "आता ती रडकी माय होऊ द्या." तेवढ्यात आशाबाईचा आवाज आला, "चला, पहिलं बोट मायचं." आशाबाईच्या बांगड्या वाजल्या.

जिवनबाईनं पहिली ओळ म्हटली. लेक चालली गं माझी, काळीज माझं फाटलं. दुसरी ओळ आलीच नाही. हुंदका आला, त्यावर दुसरा आला, आणि मग ती बाई ढसाढसा रडायला लागली. स्पीकरमधून ते रडणं अख्ख्या गल्लीत गेलं.

आणि मांडव हसला. काय सांगू, टाळ्या पडल्या. "आज तर बाईनं कमाल केली," असं कुणी तरी ओरडलं. हसता हसता सुमनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

एकटी रीता हसली नाही. सोंगातलं रडणं ठेक्यात असतं, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. हे रडणं ठेका सोडून चाललं होतं. वाटीत बोट बुडवून आलेला काकूचा हात तिनं बाजूला सारला आणि तशीच उठून कोठीत गेली. माईक चालूच होता. पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"माय."

"तू काहून आलीस? जा, पाटावर बस. माझा अपशकून हुईल."

"कुणाला?"

"तुलाच, लेकरा."

"तू आण घातली म्हणून म्या गप होते. पण तू रडून राहिली अन् ती माणसं हसून राहिली, माय. हे मला न्हाई ऐकवत."

संतराम धावत आला, पाठोपाठ सुमनबाई.

"इज्जत घालवली पोरीनं. ऊठ," संतराम दातओठ खाऊन म्हणाला.

"काका, पहिलं बोट मायचं. ते न्हाई तर हळद न्हाई, अन् लगन बी न्हाई," रीता म्हणाली.

संतरामनं सुमनबाईकडं पाहिलं. सुमनबाई उंबऱ्यात उभी होती. हसण्याचं पाणी अजून तिच्या गालावर होतं, आणि आता तिला ते पुसायचीही लाज वाटत होती. ती हळूच म्हणाली, "असं करा, हितंच लावून घ्या. दार लोटा. कुणी बघायचं न्हाई. मंग पोरगी भाईर येऊन बसंल."

बाई वाईट नव्हती. तिला खरंच वाटलं, आपण मोठं मन केलं. संतरामनंही सुटकेचा श्वास सोडला. जन्मभर व्हय म्हणणारी जिवनबाई आताही व्हयच म्हणेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

जिवनबाईनं माईक पोत्यावर ठेवला. दिरासमोर आजवर तिनं मान वर केली नव्हती, ती केली.

"न्हाई, इहीनबाई. लेक म्या अंगणात वाढवली, चोरून न्हाई वाढवली. हळद बी अंगणातच लावीन. न्हाई जमत तर तुमची गाडी उभी हाय."

आणि ती रीताचा हात धरून बाहेर आली. बायांनी पदर आवरले, कुणी लेकरं मागं ओढली, सुमनबाईबरोबर आलेल्या काहीजणी चपला शोधायला लागल्या. "वाटी देऊ नको," संतराम आशाबाईवर खेकसला. आशाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, जावेकडं पाहिलं. मग वाटी पाटाशेजारी खाली ठेवली आणि बाजूला झाली. जिवनबाईनं बोट बुडवलं आणि लेकीच्या गालाला लावलं. कुणी गाणं म्हटलं नाही. सुमनबाई कोठीच्या उंबऱ्यातून पुढंही आली नाही आणि गाडीतही जाऊन बसली नाही.

लग्न झालं. विजयकुमारनं त्याच संध्याकाळी आईला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की नवरी त्याच घरची आणायची आहे. पंगतीत बरीच पानं मात्र रिकामी राहिली. संतराम अजून भावजयीशी बोलत नाही. जिवनबाईच्या सुपाऱ्या पार कमी झाल्या, कारण आता तिची एक अट आहे. मांडवात, सगळ्यांच्या देखत बसेन, नाही तर गाणार नाही. परवाच एका बड्या घरून फोन आला, "बाई, आमाला आवाज तेवढा पायजे." ती म्हणाली, "मंग मोबाइल लावा बाप्पा, त्यात आवाज भरपूर हायेत."

यंदा तुमच्याही घरी हळद असेल, पाटावर पोरगी बसलेली असेल. तुमची वहिनी, मावशी, कदाचित नवरीची माय सकाळपासून आतल्या खोलीत काही ना काही काम काढून बसली असेल. तिला तिथं बसायला कुणी सांगितलेलं नसेल. सांगावं लागत नाही, इतकं आपण तिला शिकवून ठेवलंय. बाहेर हसण्याचा गलका झाला, तर तुम्ही उठून आत जा, आणि ती तिथं काय करते आहे ते आपल्या डोळ्यांनी बघा.